आवाज गिळणारा हंडा

मागे कोण होतं? मी सगळ्यांना विचारलं, पण एकानेही उत्तर दिलं नाही. लोखंडी हंड्याला कोण उत्तर देतं?

मी ऑर्डेसाचा धाकटा भाऊ. मिसिसिपीच्या कापसाच्या मुलखात, काळ्यांच्या वस्तीत तिचं घर. ती रांगत असताना तिच्या आईने मला आणलं, म्हणून ती मला "धाकट्या" म्हणायची. पोट मोठं, बुडाला तीन आखूड पाय. शिकलो म्हणाल तर तिच्याच अंगणात, तेही अर्धवट. गोऱ्यांच्या घरचे कपडे ती माझ्यात उकळायची आणि दांडक्याने ढवळता ढवळता राज्यघटनेची कलमं पाठ करायची. मतदारयादीत नाव हवं तर काळ्या माणसाला कोर्टातल्या गोऱ्या कारकुनापुढे कलम वाचून अर्थ सांगावा लागे. तिने कितीही बरोबर सांगितलं तरी तो तिला नापास करून हाकलायचा. मग ती शेजाऱ्यांना शिकवू लागली.

रविवारी दुपारी घर भरायचं. झिपोरा मावशी मला फरफटत दाराशी आणून पालथं घालायची. गुलामीत तिची आजी चोरून प्रार्थना करताना असंच करायची. पालथा हंडा आतला आवाज गिळतो, मालकाला काही ऐकू जात नाही.

"मावशी, ह्याला अजीर्ण नाही होत?" चर्चचे कारभारी अमोस पिकेट विचारायचे.

"तुमची बडबड पचवतो, मग दगडही पचवेल!"

एका रविवारी ऑर्डेसा म्हणाली, "एकेकट्याला हाकलतात ते. उद्या सगळे मिळून कोर्टावर जाऊ."

"तुम्ही पुढे व्हा, बाई," अमोस म्हणाले. "आम्ही आहोतच मागे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. तिने तळलेला मासा त्यांनी खाल्ला, बोटं चाटली आणि सगळे आपापल्या घरी गेले.

सकाळी तिने मला हातगाडीवर चढवलं.

"अगं, हंडा कशाला?" मावशी ओरडली.

"मी ही एवढीशी. मागच्यांना दिसायला नको?"

कोर्टाच्या पायऱ्यांशी तिने मला पालथं घातलं आणि वर चढली. माझे तीन पाय, त्यांच्यामध्ये तिचे दोन. ती वळून वळून बघत राहिली. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. मागे कुणी नव्हतं. खाली मात्र मी होतो. तिने आपलं नाव मोठ्याने सांगितलं आणि कलम म्हणायला लागली.

शेरीफचे दोन गोरे पोलीस आले. एक म्हणाला, "ए, हंडा कपडे धुवायला असतो. उतर!"

"ठाऊक आहे, साहेब. तुमच्या चादरी ह्यातच उकळते. तुमचे डाग मला पाठ आहेत."

त्यांनी तिला हात लावला नाही. माझ्या कडेखाली हात घातले आणि मला उलथवलं. तिचं डोकं पायरीवर आदळलं. मीही पायरीवर आदळलो. मी तडकलो. ती उठलीच नाही.

दफनाला सगळे आले. काळे कोट, पांढरे रुमाल. तेव्हा बरी वाट सापडली!

आता मी परसात गंजतोय. पाणी धरत नाही. माझ्यात फुलझाडं लावू नका, तिची आठवण म्हणून पाहुण्यांना दाखवू नका. माझ्यासमोर रडू तर अजिबात नका.

त्या दिवशी दफनानंतर सगळे तिच्या घरी जमले. मावशीने सवयीने मला दाराशी पालथं घातलं. अमोस हुंदका देत म्हणाले, "उद्या मी जातो कोर्टावर. मी, अमोस पिकेट." मग एकेक जण "मीही", "मीही" म्हणू लागला. सगळं दबक्या आवाजात. सकाळी विसरायला सोयीचं.

मी गिळलं नाही. एकेकाचं नाव, एकेकाचा शब्द तड्यातून थेट रस्त्यावर सोडला.

कुंपणाशी वस्तीतल्या बायका उभ्या होत्या. त्यांतली एक ओरडली, "ऐकलं हो, पिकेटदादा! सकाळी हाक मारायला येते दाराशी!"

मावशीने धावत येऊन तड्यात फडकं कोंबलं. मी ते पडू दिलं.