हात वाळेपर्यंत

ताईच्या अंगठ्याच्या बुडाशी चिकटवलेली पट्टी आज नवी होती. कातडीच्याच रंगाची, कडा अजून न मळलेल्या, न उठलेल्या... तो ती पट्टी बघत होता, तेवढ्यात ताई त्याच्या पाठीमागे गेली, पट्टीखालचा अंगठा त्याच्या आखडलेल्या खांद्यावर टेकला आणि त्याला गार लागलं. ओलं. पाण्याचा एक थेंब पाठीवरून खाली सरकत गेला आणि बनियनच्या काठाशी जिरला.

"गार लागलं का काका?"

"नाही."

"खोटं बोलता. खांदा कसा उचललात एकदम. याच्या निम्मा जरी व्यायामात उचललात ना, तर मी तुम्हाला कायमचं घरी पाठवीन."

पडद्यापलीकडच्या खाटेवरून गुडघेवाल्या आजी हसल्या. त्यांना सगळे आजीच म्हणत, तोही म्हणे, वयात फार फरक नसला तरी. तो हसला नाही. पाठीवरच्या त्या थेंबाशी त्याचं मन अडकून राहिलं होतं. इतके दिवस तो इथे येत होता, इतक्यांदा या बाईने त्याचा खांदा हातात घेतला होता, पण ओला हात तिने कधी कुणाला लावल्याचं त्याने पाहिलं नव्हतं.

खिडकीखाली बेसिन होतं. एक पेशंट झाला की ती तिथे जाई, कोपरापर्यंत हात धुई, नळ घट्ट बंद करी आणि मग हात दोन्ही बाजूंना सोडून खिडकीबाहेर बघत नुसती उभी राही. शेजारी खिळ्याला टॉवेल असे. बाकीचे त्याला हात पुसत. ती पुसत नसे. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरच्या इमारतीची मागची भिंत, पाण्याचे पाइप, कुणीतरी वाळत घातलेली चादर. पण ती बघत राही, हात आपोआप कोरडे होईपर्यंत, आणि मग वळून पुढच्या पेशंटकडे येई ती अशी, की जणू दिवसातला हा पहिलाच.

हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. बायकोच्या, हिच्या लक्षात आलं होतं.

ही असताना ताई घरी यायची, इथलं काम संपवून. हिचा हात सुजून उशीसारखा झाला होता, बोटातली अंगठी कापून काढावी लागली होती. ताई त्या हातावरून आपला हात इतका हलका फिरवायची की मला वाटायचं, हे काय दाबणं आहे, ही तर नुसती धूळ झटकते आहे. पण तासाभराने सूज उतरलेली असायची, आणि ही म्हणायची, "बघा. सगळा संसार झाला, नवऱ्याने कधी असा हात लावला नाही." ताई म्हणायची, "काकू, त्यांना फी कुठे मिळत होती." दोघी हसायच्या. मी चहाचं आधण ठेवायला निघून जायचो. त्यांच्या हसण्यात मला जागा नव्हती, आणि त्याचं मला वाईट वाटायचं नाही, उलट... घरात कुणीतरी हसतंय, एवढं पुरे होतं.

एकदा ताई मोरीत हात धुऊन तशीच उभी होती, आणि मी चहा गार होतोय म्हणून हाक मारायला गेलो, तर ही आतून ओरडली. "अहो, तिचे हात ओले आहेत, दिसत नाही का? हात ओले असेपर्यंत ती कुणाचीच नाही. वाळू दे तिला." हिने विचारून घेतलं होतं सगळं. ताईला शिकवणारे जे सर होते, त्यांनीच लावलेली ही सवय. एकाचं दुखणं दुसऱ्याच्या अंगाला पुसायचं नाही. टॉवेलला हात पुसले की काम उरकल्यासारखं वाटतं, पण उरकत काही नाही. हात वाळू दिले, की तेवढ्या वेळात आधीचा माणूस हळूहळू निघून जातो.

मला तेव्हा ते खूळ वाटलं होतं.

"आता इथे?" ताई म्हणाली.

"हां."

"दुखलं तर बोला. सहन केल्याचं इथे बक्षीस नाही."

ती स्टुलावर बसून काम करत होती, पाठ सरळ ठेवून. जोर लावायचा तेव्हा कोपराखालचा सपाट भाग वापरत होती, अंगठा नाही. अंगठा फक्त शोधायला. शोधायला तरी किती... स्नायूतली एक बारीक गाठ तिला अशी सापडे, जसं अंधारात दिव्याचं बटण सापडावं. त्याला या बाईचं फार कौतुक होतं. आयुष्यभर त्याने बस चालवली होती, त्यामुळे हाताने काम करणारं माणूस पटकन ओळखू येई. काही जण गाडी हाकतात, काही जण चालवतात. ही चालवणारी होती.

मग तिने त्याला पालथं झोपवलं, खांद्यावर शेकाची गरम पिशवी ठेवली, वर टॉवेल टाकला आणि पडदा ओढून निघून गेली. त्याच्या डोक्याशी लाकडी आडभिंत होती. पलीकडे या लोकांची जेवणाची खोली. तिथे खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग पैलवानाचा.

पैलवान म्हणजेच ते सर. नाव आजींनी ठेवलेलं. माणूस दाराएवढा, चालला की औषधांच्या बाटल्या वाजत. पेशंट त्यांना टरकून असत.

"हात दे इकडे."

"सर, पेशंट आहेत माझे."

"शेकावर आहेत ना? मग दे."

तिचा हात हातात घेऊन ते चोळत असावेत. शनिवारी काम संपलं की ही मंडळी एकमेकांचे हात चोळून देत, हे त्याने येताजाता पाहिलं होतं. पण आज शनिवार नव्हता.

"इथे?"

"थोडं वर... हां."

"काकांना मला दे," पैलवान म्हणाले.

"त्यांना माझ्या हाताची सवय आहे सर."

"सवय त्यांची, अंगठा तुझा."

"अंगठ्याचं एवढं काही नाही."

"ते मलाही कळतंय. अंगठ्याचंच असतं तर बांधून दिला असता, बोललो नसतो. एखाद्या घरातलं आपल्या हातातलं माणूस गेलं, की त्या घरचा दुसरा पेशंट दुसऱ्याकडे, हा नियम आहे आपला. तू गळ घातलीस म्हणून मोडला. चुकलं माझं."

नळ सुरू झाला, बंद झाला.

"परवा आजी कळवळल्या सर," ती म्हणाली. आवाज खाली आला होता, त्याने श्वास रोखून ऐकलं. "मी गुडघा दुमडला आणि त्या कळवळल्या, आणि मला काही वाटलंच नाही. टेबलाला हात लावल्यासारखं. आधी असं नव्हतं. काका येतात, मला काकूंचा हात आठवतो, मग तो दिवसभर माझ्याबरोबर सगळ्यांकडे फिरतो, आणि संध्याकाळपर्यंत माझ्याकडे कुणालाच द्यायला काही उरत नाही."

"महिनाभर सुट्टी घे."

"आणि परत यावंसं वाटलं नाही तर?"

खुर्ची सरकली.

पिशवीची धग खांद्यातून खाली उतरत होती. त्याला पहिल्यांदा आला तो राग. मी काय सामान आहे, या गाडीतून उतरवून त्या गाडीत टाकायला? पैसे मोजतो, वेळेवर येतो, कधी हूं की चूं करत नाही... आणि लगेच त्याला स्वतःचीच लाज वाटली, कारण खांद्यासाठी आपण इथे येत नाही, हे त्याला केव्हाचं माहीत होतं. खांदा दुसऱ्या कुणीही सोडवून दिला असता.

मी त्या हातांसाठी येतो.

शेवटच्या दिवशी हिने ताईला दाबू दिलं नाही. म्हणाली, आज राहू दे, आज नुसता धर. ताईने हिचा तो सुजलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि बसून राहिली. मी पलीकडच्या बाजूला होतो, पण हिचा तो दुसरा हात मला धरवत नव्हता. मी पांघरूण नीट करत होतो, पुन्हा पुन्हा तेच. मग केव्हातरी ताईने वर बघितलं, आणि तिच्या बघण्यावरून मला कळलं. ती आणखी थोडा वेळ धरून बसली. मग हलकेच हात खाली ठेवला, मला नमस्कार केला आणि जिना उतरून गेली. मोरीकडे गेली नाही. हात न धुता गेली.

ते मी पाहिलं होतं. ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आणि तेव्हापासून माझ्या डोक्यात हेच, की ते हात तसेच आहेत, हिला शेवटचं धरलेले, न धुतलेले, आणि ते माझ्या खांद्यावर येतात...

आमच्या डेपोत एकाच्या गाडीखाली माणूस आलं होतं. ड्रायव्हरची चूक नव्हती, सगळ्यांनी सांगितलं, पोलिसांनीही. तरी साहेबांनी त्याला गेटवर बसवलं. तो भांडला, मला गाडी द्या, मी ठणठणीत आहे. साहेब म्हणाले, तू ठणठणीत आहेस रे, पण तुझा पाय ब्रेकवर जाताना दोनदा विचार करेल, आणि मागे साठ माणसं असतील. आम्ही सगळे तेव्हा साहेबांच्या बाजूने होतो. दुसऱ्याच्या बाबतीत माणसाला पटकन कळतं.

पडदा सरकला. ताईने पिशवी उचलली, कातडी लाल झाली आहे का ते बघितलं.

"आता शिडी चढा. मी हात धुऊन येते, मग शेवटचं ताणून देते."

शिडी म्हणजे भिंतीवरची लाकडी पट्टी, खाचा पाडलेली. दोन बोटांनी एकेक खाच वर चढायचं, हात जाईल तिथपर्यंत. तो भिंतीशी उभा राहिला. इथून बेसिन दिसत होतं. ताईने कोपरापर्यंत हात धुतले, नळ बंद केला, आणि वळून त्याच्याकडे बघितलं. आपण त्याला थांबवून ठेवलं तर नाही ना, असं बघितलं. तिची मान टॉवेलकडे वळली. मघाशीही हेच झालं असणार. मी बाकावर बसलो होतो, तिच्याकडे बघत, नेहमीसारखा, आणि ते बघणं तिला पाठीमागून टोचलं असणार, आणि ती हात न वाळवताच आली.

त्याने मान फिरवली आणि शिडीकडे तोंड केलं.

पैलवान शेजारून जाता जाता थांबले. "काका, बोटं चढतायत. खांदा कुठे चढतोय?"

"तुमचा हात फार जड आहे म्हणतात," तो म्हणाला. का म्हणाला, कुणास ठाऊक.

"कोण म्हणतं?"

"आजी म्हणतात. म्हणतात, पैलवानाच्या हाताखालून माणूस सपाट होऊन निघतं, दाराखालून सरकवता येतं."

"आजी अजून जिवंत आहेत, हे त्यांना कुणीतरी सांगा," पैलवान म्हणाले. मग ते जरा थांबले. डोळे मात्र खिडकीकडे होते. "एकदा लावून घेऊन बघा की."

त्याने बोटं पुढच्या खाचेत टेकवली. खांद्यात कळ आली, ती सोसली, मग आठवलं की इथे बक्षीस नाही, आणि बोटं एक खाच खाली आणली. पैलवान पुढे गेले.

"अगं ए ताई," पडद्याआडून आजींची हाक आली, "झालीस का मोकळी? माझी पाळी कधी यायची?"

"आजी, तिचे हात ओले आहेत," तो म्हणाला. मोठ्याने म्हणाला. "वाळू दे तिला."

बोलून झाल्यावर त्याला ऐकू आलं, की आवाज आपला, पण बोलण्याची ढब हिची. तीच दटावणी, शेवटच्या शब्दावर तसाच जोर. ही किती दिवसांनी आपल्या तोंडून बोलली... खिडकीपाशी काहीच हललं नाही. पावलं वाजली नाहीत, टॉवेल खिळ्यावरून निघाल्याचा आवाज आला नाही.

त्याने मागे वळून बघितलं नाही. आता पैलवानांकडे जातो, हे आपण तिला आज सांगू, की उद्या, की जमणारच नाही, हे त्याला ठाऊक नव्हतं. भिंतीवर बोटं ठेवून तो उभा राहिला. तिच्या हातांवरचं पाणी आता कुठवर आलं असेल, मनगटापर्यंत, बोटांपर्यंत... आणि आजवर ज्याची तो घाई करत आला होता ते वाळणं जरा सावकाश व्हावं, अजून थोडं पाणी तिच्या हातांवर राहावं, असं त्याला वाटत राहिलं.