आचारी आणि आचार्य

विजयमालाबाईंनी कसबा पेठेत सत्तावीस वर्षं अक्षरजुळणी केली, तीही एकाच कंपनीच्या सॉफ्टवेअरवर. कॉम्प्युटरच्या पाठीत कंपनीची बोटभर किल्ली खोचली तरच ते चालायचं. श्रावणात ती किल्ली बंद पडली. कंपनीने थंडपणे कळवलं, जुन्या किल्ल्या आता मिळत नाहीत, दरवर्षी नवा परवाना घ्या. तोवर स्वतःच्याच फाइली उघडल्या की पडद्यावर अक्षरांऐवजी नुसती किडामुंगी.

लग्नपत्रिका गेल्या असत्या तर बाईंनी डोळ्यांतून टिपूस काढलं नसतं. पण त्यात त्यांचा कोश होता. तांबट आळीतल्या कारागिरांचे चार हजार शब्द, अकरा वर्षं त्यांच्या ओट्यावर बसून टिपलेले. निम्मे महिपती तांबटांनी सांगितले होते आणि महिपती गेल्या वर्षी गेले. कोश पुरा झाल्याशिवाय छापायचा नाही, हा बाईंचाच हट्ट. टाइप झालेल्या वह्या रद्दीत घालायचा शहाणपणाही त्यांचाच.

कंपनीचा सुदर्शन लॅपटॉप घेऊन आला. नव्या आवृत्तीत त्याने कोश उघडला, अक्षरं दिसली आणि बाईंचा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी वाचलं, ‘तपेलं हातोडीने ठोकून, मठारून आचार्यांना देत.’

“अहो, हे आचाऱ्यांना आहे. भात शिजवणारे. तुम्ही त्यांना थेट मठात नेऊन बसवलंत!”

“किरकोळ आहे, मॅडम. तक्रारीचं तिकीट टाकतो. पुढच्या व्हर्जनमध्ये होऊन जाईल.”

“ते कधी येणार?”

“टीम ठरवते. खरं सांगू का? एवढा फरक आता कोण बघतं?”

हे त्याने बोलायला नको होतं.

“मी बघते,” बाई म्हणाल्या. “चहा झाला ना? या मग आता.”

दार लावून त्यांनी ती बंद पडलेली किल्ली उपटून काढली. महिपतींचे शब्द आपण एका किल्लीच्या भरवशावर ठेवले, याची त्यांना मनस्वी चीड आली.

रविवारी कोथरूडहून भाची ऋतुजा आली. ती आयटीत होती. “आत्या, एक फ्री कन्व्हर्टर आहे, जुन्या फॉन्टची अक्षरं नव्यात बदलणारा. लोकांनीच मिळून लिहिलाय,” म्हणत तिने तो चालवला. तिथेही आचार्य हजर!

“फुकटातही तेच?” बाई कडाडल्या.

“तेच. पण हा उघडा आहे. चूक कुठंय ते आपल्याला बघता येतं.”

पडद्यावर दोन रांगा आल्या. डावीकडे जुन्या फॉन्टचे आकडे, उजवीकडे अक्षरं. बाकीचं बाईंना ओ की ठो कळत नव्हतं, पण डावी रांग म्हणजे त्यांचा अख्खा जन्म होता. चष्मा सावरत त्या वाचत गेल्या आणि थांबल्या.

“एकशे सत्त्याऐंशी रफार, बरोबर. पण एकशे चौऱ्याण्णव म्हणजे आचाऱ्यातला अर्धा र. तो वेगळा. इथं कुणीतरी त्यालाही रफारात ढकललंय.”

“आकडे पाठ आहेत तुला?”

“बोटं झिजवलीत, पोरी.”

“मग बदल की तूच.”

“मी?” सत्तावीस वर्षांत बाईंना असं कुणी म्हटलं नव्हतं. त्यांनी एक ओळ बदलली. ऋतुजाने कोश पुन्हा चालवला. आचारी स्वयंपाकघरात परतले. ‘कोपऱ्यात’, ‘वाऱ्यावर’, सगळे अर्धे र जागच्या जागी बसले. महिपती म्हणाले होते तस्सं, शब्द न् शब्द. बाई तिथंच घळाघळा रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी आधी प्रिंटरमध्ये कागद भरले.

ऋतुजाने ती ओळ कन्व्हर्टर सांभाळणाऱ्यांकडे पाठवली. तीन दिवसांनी त्यांनी ती स्वीकारली, बाईंच्या नावासकट.

पुढच्या आठवड्यात सुदर्शनचा फोन आला. “मॅडम, परवान्याचं काय ठरलं?”

“नको. माझं काम झालं. तुमच्या टीमचं राहिलं असेल तर माझी ओळ उघड्यावर आहे, घेऊन जा. फुकट आहे. अट एकच, माझं नाव खोडायचं नाही.”

सुदर्शनने विचारलं, “आणि त्या तिकिटाचं काय करू?”

“आमच्याकडे तिकीट लागत नाही,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.