वीरेंद्रच्या पाण्याची घागर

कॉलेजचे पोट्टे मोबाईल घेऊन दारोदार हिंडून राहिले होते, अन् डिंपलचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं. पांढुर्ण्यातली त्यांची गल्ली डेंगूनं पार धरली होती. कोणाच्या घरी ताप, कोणाच्या टाक्यात अळ्या, सगळं या पोरांना मोबाईलातल्या नकाशावर टाकायचं होतं. सरांनी तसंच शिकवलं होतं म्हणे.

"डिंपल, पाणी भरलेली भांडी पाहाची होती," मृणाल दारात उभी राहून म्हणाली. ही डिंपलच्या मोठ्या भावाच्या, वीरेंद्रच्या वर्गातली. वीरेंद्र श्रावणातच डेंगूनं गेला.

"पाहा ना. तुमचंच राज आहे."

टाकं कोरडं होतं, ड्रमावर झाकण. मंग मृणालनं अंगणातल्या मातीच्या घागरीत टॉर्च मारला अन् डिंपलला जवळ बोलावलं.

ती घागर वीरेंद्रची. गेलेल्या माणसाला तहान लागते म्हणून दहा दिवस पाणी ठेवतात, मंग घागर फोडतात. पण त्याच्या मायनं, जयवंताबाईनं, पोराची घागर फोडूच दिली नाही. रोज संध्याकाळी तांब्याभर पाणी वरून ओतायची. जुनं सांडायची नाही. "त्याचं उष्टं आहे," म्हणायची.

डिंपलनं वाकून पाहिलं. पाण्यात बारक्या अळ्या वळवळून राहिल्या होत्या.

"हे सांडा लागते, डिंपल."

"हात तं लावून पाहा! तोडूनच टाकीन."

मृणाल घाबरली, पण हलली नाही. तिनं मोबाईल पुढं केला. नकाशावर त्यांची गल्ली होती, घरन् घर. तापाच्या घरावर लाल ठिपका, नवा ताप असला की गडद. शाळा सोडली म्हणून डिंपलचे डोळे थोडेच गेले होते! गडद ठिपके सगळे तिच्याच घराभोवती, गुळाले मुंगळे लागावे तसे. सगळ्यात जवळचा शेजारच्या चिंधूकाकाच्या नातीचा, उर्वशीचा. कालच तिला नागपूरला नेलं होतं. गाडीत टाकताना पोरगी डोळे उघडत नव्हती.

"माय," डिंपल दारात येऊन उभ्या राहिलेल्या जयवंताबाईला म्हणाली, "उर्वशी आपल्या घागरीपायी पडली."

"काहीच्या काही! पाणी का माणूस मारते?"

"यातूनच मच्छर होते, माय. दादालेही मच्छरानंच नेलं ना."

जयवंताबाईनं घागर कवटाळली. "मंग तो काय पिईन? सांग ना. माहं पोरगं काय पिईन?"

डिंपलनं मायची बोटं एकेक करून सोडवली, घागर उचलली अन् अंगणात आडवी केली. पाणी मातीत जिरलं.

"आतून घासाही लागते," मृणाल हळूच म्हणाली. "अंडे चिकटून राहतात."

डिंपल चुलीतली राख घेऊन बसली. मागून मायचा आवाज आला, अगदी बारीक.

"तहानेला धाडलं तू त्याले."

डिंपलनं मान वर केली नाही. हात कोपरापर्यंत घागरीत घालून ती घासतच राहिली.