मेघाचा चष्मा

एके काळी सीताबर्डीच्या फुटपाथवर पत्र्याच्या पेटीवर फ्रेमा मांडून बसणारा माणूस म्हणजे प्रेमानंद. पुढे तीच पेटी सायकलला बांधून तो कामठीच्या विणकरांच्या घरोघर फिरला. आज हिंगण्यात त्याचा चष्म्याच्या काचा घासण्याचा कारखाना आहे, शहरात तीन दुकाने आहेत. सगळे स्वतःच्या मनगटाच्या जोरावर. म्हणून तर त्याचा जास्त राग येतो.

रविवारी त्याच्या मुलीला, मेघाला, पाहायला ऋषिकेश नावाच्या इंजिनिअर मुलाकडचे येणार होते. मेघा वडिलांच्याच कारखान्यात तयार चष्मे तपासते. तिलाही लहानपणापासून जाड काचांचा चष्मा आहे. सकाळीच प्रेमानंदने फर्मान काढले, पाहुणे असेपर्यंत चष्मा घालायचा नाही. पोहे आई आणून देईल, मेघाने नुसते बसायचे.

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!

त्याची बायको जया कांदा चिरत होती. विळी बाजूला सारून ती उभी राहिली आणि तिने नवऱ्याला कामठीची आठवण करून दिली. तिथे एका विणकराने मुलीला चष्मा घेऊ दिला नव्हता, चष्मेवालीला कोण पसंत करणार म्हणून. प्रेमानंद त्याच्या दारात भांडला होता, त्या पोरीच्या डोळ्यांवर फ्रेम बसवूनच उठला होता. प्रत्येक सत्कारात तो ही गोष्ट सांगतो.

"तो बाप अडाणी होता, असं सांगता न भाषणात?" जया म्हणाली. "मंग तुमी कोण?"

प्रेमानंद चिडला. एवढे चांगले स्थळ चष्म्यापायी हातचे जाईल, लग्न ठरले की मेघाने खुशाल घालावा म्हणाला. वाचकहो, आपल्या घरात वेगळे काय बोलले जाते?

मेघाने मुकाट्याने चष्मा काढून ठेवला. पाहुणे आल्यावर ती भिंतीला हात लावत बाहेर आली. ऋषिकेशने काही विचारले, तर ती त्याच्या मामाकडे पाहून उत्तर देऊ लागली. मामा हसला. लाजून राहिली पोरगी, असे म्हणत प्रेमानंदही हसला.

"लाजून नाही राहिली मी, बाबा," मेघा म्हणाली. "मले दिसून नाही राहिलं. या लोकायनं मले पाहून घेतलं. मी कोणाले पाहू?"

प्रेमानंद उठला, आतून चष्मा घेऊन आला. सदऱ्याला पुसून त्याने तो सगळ्यांसमोर लेकीच्या कानांवर बसवला.

"लपवलं ते माही चूक झाली," तो पाहुण्यांना म्हणाला. "पोरीचा नंबर मोठा आहे, चष्मा जन्मभर राहीन. चालत असन तर बसा."

मुलाच्या आईने पर्स उचलली. पोहे तसेच राहिले. मान खाली घालून आईमागे निघालेल्या ऋषिकेशकडे मेघाने दारापर्यंत नीट पाहिले.

"बरं झालं, दिसलं," ती आईला म्हणाली.

प्रेमानंद आता भाषणात कामठीच्या बापाची गोष्ट सांगतो, आणि लगेच स्वतःची. अहो, लेक ही दाखवायची वस्तू नव्हे! जिला पाहायला माणसे बोलावता, तिलाही माणसे पाहायची असतात. तिचे डोळे झाकून जोडलेली सोयरीक मोडलेलीच बरी.