मुदत संपलेलं लायसन्स

रणजितकडे नसलेली एकच वस्तू श्रीधरकडे होती, ती म्हणजे वाघोलीच्या सोसायटीत उभी असलेली त्याची गाडी.

दोघे यवतमाळचे. एकाच वर्षी पुण्यात आले, एकाच कंपनीत लागले. पुढे रणजित टीम लीड झाला आणि श्रीधर त्याच्या हाताखाली राहिला. रणजितने त्याच्यावर कधी साहेबगिरी केली नाही, आणि श्रीधरच्या मनाला नेमकं तेच लागायचं. गाडी घ्यावी असं रणजितला कधी वाटलंच नाही. गरज पडली की तो श्रीधरची मागायचा आणि टाकी भरून, काचा पुसून परत आणायचा. श्रीधरच्या आईला गाडी लागायची, पण रणजित चालवत असला की ती गप्पा मारत बसायची. रणजित चालवताना धक्का म्हणून बसत नाही, असं ती सगळ्यांना सांगायची आणि श्रीधरची बायको हेमा त्यावर हसून मान डोलवायची.

मार्चमध्ये ऑफिसने बाइक पार्किंगचे नवे पास काढायचे ठरवले. टीममधल्या सगळ्यांच्या लायसन्सचे फोटो गोळा करायचं काम श्रीधरकडे आलं. रणजितच्या फोटोवरची तारीख बघून तो थबकला. जानेवारीत रणजितला चाळीस पूर्ण झाली होती आणि तेव्हाच लायसन्सची मुदत संपली होती. त्याने लगेच मेसेज लिहायला घेतला. तेवढ्यात हेमाचा फोन आला. रणजितला जेवायला बोलाव, तो आला की घर कसं भरल्यासारखं वाटतं, असं ती सहज म्हणाली. फोन ठेवल्यावर श्रीधरने अर्धवट लिहिलेला मेसेज पुसून टाकला.

पुढच्याच आठवड्यात रणजितने गाडी मागितली. आईवडील गावाहून आले होते, त्यांना कात्रजचं प्राणिसंग्रहालय दाखवायचं होतं. किल्ली देताना श्रीधरच्या डोळ्यांपुढे एक चित्र होतं: चौकात ट्रॅफिक पोलीस, मागच्या सीटवर आईवडील, आणि मान खाली घालून उभा असलेला रणजित. त्याला एवढंच हवं होतं, याहून जास्त नाही.

दुपारी फोन आला. "गाडी ठोकली रे. चूक माझीच आहे. आधी त्या माणसाला बघतो, मग तुझ्याशी बोलतो."

श्रीधरला क्षणभर बरं वाटलं. मग 'त्या माणसाला' हे शब्द डोक्यात शिरले.

मार्केट यार्डात हमाली करणारे दत्तोबा स्कूटरवरून घरी निघाले होते. रणजितचा ब्रेक उशिरा लागला. गाडीतल्या आईवडिलांना काही झालं नाही, पण दत्तोबांचा पाय मोडला. रणजितने त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, पोलिसांना स्वतःच कळवलं आणि ऑपरेशन होईपर्यंत तिथून हलला नाही.

तीन दिवसांनी विमा कंपनीतर्फे नुकसान तपासणारे सर्वेअर श्यामसुंदर गॅरेजमध्ये आले. शांत, मोजकं बोलणारे गृहस्थ. त्यांनी रणजितचं लायसन्स हातात घेतलं, तारीख बघितली आणि चष्मा वर सारला. विमा गाडीचा असतो, मित्राने चालवली म्हणून काही बिघडत नाही, पण चालवणाऱ्याचं लायसन्स चालू असावं लागतं, असं त्यांनी समजावलं. गाडीच्या नुकसानीचं काही मिळेल असं त्यांना दिसत नव्हतं. जखमी माणसाची भरपाई कंपनीला कदाचित आधी द्यावी लागेल, पण ती नंतर गाडीच्या मालकाकडून वसूल होऊ शकते.

"आता नीट आठवून सांगा," ते श्रीधरला म्हणाले. "गाडी देताना लायसन्स संपलंय हे आपल्याला माहीत होतं का? ती वसुली होणार की नाही, हे बरंचसं त्यावर अवलंबून आहे."

श्रीधरने तोंड उघडायच्या आत रणजित बोलला. "त्याला काहीच माहीत नव्हतं. मी स्वतःच बघितलं नाही. जे काय असेल ते माझ्या नावावर लिहा."

पुन्हा तोच मोठा झाला. एवढ्या मोठ्या चुकीनंतरही या माणसाने चांगलंच ठरावं, आणि आपण त्याच्या चांगुलपणाखाली जन्मभर दबून राहावं, हे श्रीधरला सहन होईना.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "तारीख मी आधीच बघितली होती."

श्यामसुंदर लिहायचे थांबले. रणजितने श्रीधरकडे बघितलं. सर्वेअर निघून गेल्यावर त्याने हळूच विचारलं, "मग सांगितलं का नाहीस?"

"तू एकदा तरी कुणासमोर मान खाली घालून उभा राहिलेला बघायचा होता मला."

रणजितने फुटलेल्या बोनेटवरून हात फिरवला. "आईबाबा गाडीत होते रे," एवढंच तो म्हणाला आणि पायीच बाहेर पडला.

अपेक्षेप्रमाणे गाडीचा दावा फेटाळला गेला. दत्तोबांच्या भरपाईची केस कोर्टात लागली. हेमाला सगळं श्रीधरनेच सांगितलं. त्यानंतर घरात तिने रणजितचं नाव काढलं नाही आणि श्रीधरशीही कामापुरतंच बोलू लागली. महिन्याभरात रणजितने दुसरी टीम मागून घेतली.

एका रविवारी श्रीधर फळं घेऊन दत्तोबांच्या घरी गेला. पायाला प्लास्टर घालून ते खाटेवर बसले होते. त्यांनी त्याला आदराने खुर्चीवर बसवलं, पाणी मागवलं. मग म्हणाले, "रणजितसाहेब आत्ताच गेले बघा. दर रविवारी येतात. लई भला माणूस हाय."

श्रीधर हो म्हणाला. फळांची पिशवी खाटेखाली सरकवताना त्याला तिथे आणखी एक पिशवी दिसली. ती आपल्या पिशवीपेक्षा मोठी आहे का, हे त्याने वाकून बघितलंच.