मेलेल्या जंतूंचं बोट

उंदराने ऐन वेळी अंग चोरलं आणि सुई त्याच्या कातडीऐवजी तिच्याच डाव्या तर्जनीत घुसली. प्रयोगशाळेतली ती सर्वांत जुनी तंत्रज्ञ. वीस वर्षांत हाताला ओरखडा नाही. थेंबभर पांढरी, दाट लस आत गेली. तिने बोट नळाखाली धरलं, हातमोजा बदलला आणि उरलेले उंदीर टोचून टाकले. नव्या लोकांना सुई धरायला तीच शिकवायची; आता कोणत्या तोंडाने सांगणार?

जोर वाढावा म्हणून लशीत क्षयाचे मेलेले जंतू तेलात घोटून घातलेले होते. मेलेल्या जंतूंनी रोग होत नाही, हे तिला तोंडपाठ होतं. पण टोचल्या जागी उंदरांना पुढे कशा गाठी येतात आणि फुटतात, तेही तिनेच पाहिलेलं.

तिसऱ्या दिवशी बोट टम्म सुजलं. धाकट्या बहिणीने विचारलं, तर दारात चिमटलं म्हणून सांगितलं. आंघोळ करताना ती बोटाकडे बघायचंच टाळायची. पाचव्या दिवशी पेराखाली पिवळट फुगवटा दिसला. ती तशीच विभागप्रमुख बाईंच्या खोलीत शिरली.

बोट पाहून बाईंचा चेहरा उतरला. त्याने ती जास्तच घाबरली.

"बाई, जंतू तर मेलेले आहेत ना?"

"आहेत. पण तुझ्या पेशींना ते कोण सांगणार? जंतूचं नुसतं कवच दिसलं तरी त्या बोंब ठोकून बाकीच्यांना गोळा करतात. त्या गलक्यानेच उंदरांत रोगाशी लढणारी प्रतिपिंडं भरमसाट तयार होतात. पण तेल लवकर जिरत नाही, म्हणून गलकाही थांबत नाही."

"बोट जाईल?"

"पाच दिवस का थांबलीस गं?" एवढंच बाई म्हणाल्या आणि गाडीची किल्ली उचलली.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी बोट दोनदा उघडून धुतलं. हात बधिर होता, तरी ती दातखीळ बसल्यासारखी छताकडे बघत राहिली. जखम भरायला दोन महिने लागले. बोट वाचलं, पण टोक वाकेना.

कामावर परतल्यावर तिने पहिला उंदीर हातात घेतला. त्याच्या छातीची धडधड तळव्याला लागली आणि तिला दरदरून घाम फुटला. तिने त्याला अलगद पिंजऱ्यात ठेवलं.

"आज तू टोच," ती शेजारच्या सहकाऱ्याला म्हणाली. "मला नाही जमायचं."