अर्धा चमचा

सूनबाई मोजमापाची पक्की. वस्तू कशापासून बनते, कुठून कुठे जाते, वापरताना किती पाणी आणि वीज खाते आणि शेवटी कुठल्या गटाराला मिळते, या साऱ्याचा निसर्गावर पडणारा भार काढायचा, हेच तिचं काम. सासऱ्यांचा कपडे धुण्याच्या पावडरचा कारखाना. घरात वैद्य असताना बाहेर कशाला धावायचं, म्हणून त्यांनी आपल्या पावडरचं काम तिलाच दिलं.

आकडे आले झकास. इतर पावडरींच्या निम्मा भार! सासऱ्यांना आभाळ ठेंगणं झालं. 'निसर्गावर निम्मा भार' असं ठळक छापलेला नमुन्याचा पुडा त्यांनी टेबलावर आणून ठेवला. उद्या छपाई, फक्त सूनबाईची सही बाकी.

तिने पेन उघडलं, तोच सासूबाईंनी न्हाणीघरातून हाक मारली, "अगं, मशीन पुन्हा फेसाळलं बघ!"

जाऊन बघते तर सासूबाईंच्या हातात पुड्यातला चमचा, शिगोशीग भरलेला.

"आई, पुड्यावर अर्धा चमचा लिहिलंय."

"लिहायला काय जातंय? चमचा दिलाय तो भरायलाच ना!"

हात्तिच्या! हिचा सगळा हिशेब त्या छापील अर्ध्या चमच्यावर उभा होता. पावडर जास्त म्हणजे फेस जास्त, फेस जास्त म्हणजे पाणी जास्त. तशीच निघून ती शेजारच्या घरांत डोकावून आली. जिकडेतिकडे तेच. मग परत येऊन तिने पेन मिटून ठेवलं.

"बाबा, मी सही करणार नाही."

सासरे भडकले. "लोक वाचत नाहीत, त्याला आपण काय करणार?"

"चमचा आपणच देतो ना? मग तो दुप्पट मोठा का?"

सासऱ्यांनी पुडा स्वतःकडे ओढला. "चमचा मोठा केला तेव्हाच खप वाढला. धंदा मांडलाय, धर्मशाळा नाही उघडली."

सूनबाईने आवाज चढवला नाही, पण माघारही घेतली नाही. आपला आकडा कशावर उभा आहे, ते तिला ठाऊक होतं. "मग 'निम्मा भार' ही ओळ पुड्यावरून काढा. ठेवायची असेल तर चमचा निम्मा करा, मी आनंदाने सही करते."

दारात ओल्या हातांनी उभ्या सासूबाई सगळं ऐकत होत्या. त्या आत गेल्या आणि पुढचं धुणं त्यांनी अर्ध्याच चमच्यात लावलं. धुणं झाल्यावर एक सदरा बादलीतल्या स्वच्छ पाण्यात बुडवला. पाणी नितळच राहिलं, फेसाचा मागमूस नाही. कॉलर उजेडात धरून पाहिली, डाग नावाला नाही.

सदरा तसाच हातात घेऊन त्या बाहेर आल्या.

"अहो, मशीन नव्हतं तेव्हाही हाच चमचा भरून घालायचे. तुमचे कपडे तीन-तीन पाण्यांतून पिळून काढले मी. तरी फेस जायचा नाही. मनगटं गेली माझी. मला वाटायचं, माझाच हात कच्चा." त्यांनी सदरा नवऱ्यापुढे धरला. "आणि ते सगळं तुमच्या खपापायी?"

 सासऱ्यांनी फोन उचलला आणि चमचे बनवणाऱ्या साचेवाल्याला सांगितलं की छपाई थांबली आहे, चमचा नवा करायचा आहे.

पलीकडून त्याने विचारलं, "केवढा करायचा?"

सासऱ्यांनी फोन बायकोपुढे धरला. "ही सांगेल."